कॉम्प्युटरची पदवी घ्यावी का? ठरवण्याआधीचा सहा आठवड्यांचा गृहपाठ

“मामा, मी कॉम्प्युटर सायन्स घेऊ का?” शाळा संपत आलेल्या भाचीने विचारलं. मी उलट विचारलं, “का घ्यायचंय?” ती म्हणाली, “मला कॉम्प्युटर आवडतो.” आवडतो म्हणजे नेमकं काय, हे खोदून विचारल्यावर निघालं ते असं: गेम खेळायला आवडतं, व्हिडिओ एडिट करायला आवडतं, आणि घरात कुणाचाही फोन अडला की तोही तीच सरळ करते. यात वाईट काहीच नाही. पण या तिन्हींपैकी एकही गोष्ट त्या पदवीत शिकवत नाहीत.

मी बरीच वर्षं याच धंद्यात आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. ‘घे’ किंवा ‘नको घेऊस’ असं मी सांगत नाही. सहा आठवड्यांचा गृहपाठ देतो. तो करून झाला की बहुतेकांना मला पुन्हा विचारावं लागत नाही. तोच इथे क्रमाने लिहून काढला आहे.

पहिली पायरी: माहितीपत्रक मिटवा, अभ्यासक्रम उघडा

माहितीपत्रकावर रोबो असतो, निळा प्रकाश असतो आणि लॅपटॉपकडे बघून हसणारी मुलं असतात. लॅपटॉपकडे बघून इतकं हसणारं माणूस मी तरी या धंद्यात पाहिलेलं नाही. तुम्हाला हवी आहे ती विषयांची यादी, सेमिस्टरवार. ती बहुतेक विद्यापीठांच्या साइटवर असते, फक्त शोधावी लागते. ती मिळाली की प्रत्येक विषयाखालचे मुद्दे वाचा. समजणार नाहीत, हरकत नाही. कुठे कुतूहल चाळवतं आणि कुठे जांभई येते, एवढंच टिपून ठेवा.

नावं थोडीफार बदलतात, पण गाभा जगभर साधारण सारखाच आहे: प्रोग्रॅमिंग, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, कॉम्प्युटरची अंतर्गत रचना, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क, आणि गणनाचा सिद्धांत (यंत्राला काय सोडवता येतं आणि काय नाही, याचा अभ्यास). ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला ती वापरायला शिकवत नाहीत. प्रोसेसरचे गाभे (कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग) मोजके असताना शेकडो प्रोग्रॅम एकाच वेळी चालल्यासारखे का वाटतात, दोघांनी एकाच फाइलला एकदम हात घातला तर काय होतं, हे शिकवतात. डेटाबेसच्या तासाला तक्ते भरत नाहीत, तर पैसे एका खात्यातून निघाले आणि दुसऱ्यात पोचायच्या आत वीज गेली तर काय, याचा विचार करतात.

आणि यातलं ‘नुसतं थिअरी’ म्हणून नाक मुरडावं असं फारसं नसतं. आकडे मशीनमध्ये कसे साठवतात, हा पहिल्या वर्षाचा सगळ्यात कंटाळवाणा धडा समजला जातो. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, उडाल्यावर मिनिटभरही न होता, नष्ट झालं. कारण शोधलं तेव्हा सापडलं ते हे: ६४ बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा) साठवलेला एक आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबायचा प्रयत्न झाला होता. त्या जागेत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. आकडा त्याहून मोठा निघाला. कोड जुन्या एरियन ४ वरून आणलेला होता, आणि तिथे तो आकडा कधी एवढा वाढतच नव्हता. त्या कंटाळवाण्या धड्यात ही सगळी गोष्ट दडलेली असते.

यादी हातात असतानाच पदवीचं नावही नीट बघा. ‘कॉम्प्युटरची पदवी’ अशी एकच पदवी नसते. एसीएम आणि आयट्रिपलई या कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंग क्षेत्रातल्या व्यावसायिकांच्या संस्थांच्या पुढाकाराने २०२० साली जो अभ्यासक्रम-अहवाल निघाला, त्यात या क्षेत्राच्या सात शाखा धरल्या आहेत: कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, सायबर सिक्युरिटी, इन्फर्मेशन सिस्टीम्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि डेटा सायन्स. ढोबळ फरक सांगायचा तर चिप आणि सर्किटकडे ओढ असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, गणिताकडे असेल तर कॉम्प्युटर सायन्स, संस्थांचा कारभार कसा चालतो यात रस असेल तर इन्फर्मेशन सिस्टीम्स. मात्र पाटीवर एक आणि आत भलतंच, असंही सर्रास असतं. म्हणून पाटीवर विसंबू नका, विषय मोजा. गणिताचे किती, प्रोग्रॅमिंगचे किती, व्यवस्थापनाचे किती. दोन कॉलेजांमधली एकाच नावाची पदवी इतकी वेगळी निघू शकते की चक्रावून जाल.

दुसरी पायरी: रोज एक तास, सहा आठवडे

सगळ्या गृहपाठाचा जीव या पायरीत आहे. बाकीचं एखादवेळी गाळलंत तर चालेल, हे गाळू नका.

सुरुवात पायथनने करा, ती प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट आहे आणि नवख्याला सोपी जाते. किंवा हार्वर्डचा सीएस५० नावाचा पहिल्या वर्षाचा कोर्स इंटरनेटवर फुकट आहे, तो घ्या. तो स्क्रॅचने (रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची भाषा) सुरू होतो आणि लगेच सी भाषेत उतरतो, त्यामुळे दमवतो. पण पदवीचा खरा वेग कसा असतो याचा अंदाज त्यातून चांगला येतो. पूर्ण होणार नाही, व्हायची गरजही नाही. सर्टिफिकेटच्या मागे लागू नका.

या सहा आठवड्यांत कोड लिहून देणारं कुठलंही एआय साधन वापरायचं नाही. पुढे हवं तेवढं वापरा. पण आत्ता आपण तपासतोय तुम्हाला. धावता येतं का हे बघायला निघालोय, तर रिक्षात बसून कसं कळणार?

पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक गोष्ट हमखास घडते. तुम्ही दोन आकडे विचारून त्यांची बेरीज सांगणारा प्रोग्रॅम लिहिता. ५ आणि ३ टाकता. उत्तर येतं ५३. मशीन बिघडलेलं नसतं. कीबोर्डवरून आलेलं काहीही पायथन अक्षरं म्हणून घेतं, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती शेजारी शेजारी चिकटवणं. ‘हा आकडा आहे’ हे तुम्ही सांगितलेलंच नसतं. ते ५३ पडद्यावर बघताना तुमच्या मनात काय आलं, तेवढं लिहून ठेवा. ‘काय मूर्ख यंत्र आहे’ असं आलं असेल तर ठीक, सगळ्यांनाच येतं. त्यानंतरच्या दहा मिनिटांत तुम्ही काय केलंत, ते महत्त्वाचं.

म्हणून एक वही ठेवा. प्रत्येक वेळी अडलात की तारीख, कशावर अडलात, सुटायला किती वेळ लागला आणि सुटल्यावर कसं वाटलं, एवढ्या चार गोष्टी. वाचायला बाळबोध वाटेल, पण सहाव्या आठवड्यात हीच वही बोलते.

पहिले चार आठवडे शिकण्यात घालवा. शेवटचे दोन स्वतःला हवी असलेली एक छोटी वस्तू बनवण्यात. ‘स्वतःला हवी असलेली’ हे शब्द महत्त्वाचे. भाचीकडे शेकडो व्हिडिओ होते, कॅमेऱ्याने दिलेल्या अगम्य नावांचे. तिने ठरवलं, प्रत्येक फाइलला ती काढल्याची तारीख हेच नाव देणारा प्रोग्रॅम लिहायचा. वीस-पंचवीस ओळींचं काम. सुदैवाने मी तिला आधी फोल्डरची कॉपी करून त्या कॉपीवर चालवायला लावलं, कारण प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला तेव्हा अर्धे व्हिडिओ गायब झाले. एकाच दिवशी चार व्हिडिओ काढले असतील तर चौघांचं नाव एकच होणार, आणि प्रत्येक नवा आधीच्याच्या डोक्यावर जाऊन बसणार. तिने नावात वेळ जोडली. तरी दोन फाइल्स गेल्या, कारण त्या एकाच मिनिटातल्या होत्या. मग ‘हे नाव आधीच घेतलंय का’ असं तपासून शेवटी आकडा लावायची पद्धत आली. त्यानंतर कळलं की व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइल्सवर ती आपल्यापर्यंत पोचल्याची तारीख असते, चित्रीकरणाची नसते.

हे सगळं व्हायला तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी ती जेवणाच्या ताटावर बसून भाताचा घास हातात धरून शून्यात बघत होती, आणि मधेच म्हणाली, “आणि समजा फाइलला तारीखच नसेल तर?” माझ्या दृष्टीने तिचा निकाल तिथेच लागला होता. तिला मात्र मी सांगितलं नाही, सहा आठवडे पुरे होऊ दिले.

आता उलट बाजू. याच गृहपाठात एका मित्राच्या मुलाच्या वहीत पहिल्या आठवड्यात सहा नोंदी होत्या, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एकही नाही. मुलगा हुशार, गणितात उत्तम. त्याला उत्तर हवं होतं, आणि उत्तर येईपर्यंतचा काळ त्याला अक्षरशः टोचत होता. त्यात कमीपणा कसला? पण या कामात दिवसाचा बराचसा भाग काहीतरी चालत नसतानाचा असतो. चाललं की ते संपलंच, लगेच पुढचं न चालणारं समोर येतं. अडकलेल्या अवस्थेत मुक्काम करायची तयारी, जमल्यास थोडी गोडी, हवी. पगार, घरच्यांचा उत्साह, मित्रांची संगत, यातलं काहीच त्या तासांना पुरत नाही.

तिसरी पायरी: कागद, पेन्सिल आणि एक कोडं

गणिताची भीती घालणारे पुष्कळ भेटतील, आणि ‘गणित लागतच नाही’ म्हणणारेही. दोघेही शाळेतलं गणित डोळ्यांसमोर ठेवून बोलतात. इथलं गणित बरंचसं वेगळं आहे: आकडेमोड कमी, युक्तिवाद जास्त. चव घेऊन पाहा.

बुद्धिबळाचा पट घ्या, ६४ घरांचा. तिरक्या रेषेच्या दोन टोकांची कोपऱ्यातली दोन घरं कापून टाका. उरली ६२. आता तुमच्याकडे ३१ पट्ट्या आहेत, प्रत्येक पट्टी शेजारशेजारची दोन घरं झाकते. सगळा पट झाकता येईल का? इथे वाचणं थांबवा आणि कागदावर अर्धा तास तरी झटापट करा.

झाकता येत नाही. पण ‘मी खूप प्रयत्न केला, जमलं नाही’ हे उत्तर नव्हे, कारण करून पाहायच्या मांडण्या अफाट आहेत. उत्तर रंगांत आहे. कापलेली दोन्ही घरं एकाच रंगाची असतात, म्हणून एका रंगाची ३० उरतात आणि दुसऱ्याची ३२. पट्टी कशीही ठेवा, ती एक काळं आणि एक पांढरंच झाकते. ३१ पट्ट्यांना ३१ काळी आणि ३१ पांढरी घरं लागतील, ती नाहीतच. एकही पट्टी न मांडता सगळ्या मांडण्या बाद.

उत्तर स्वतःला सुचलं की नाही, हे मी विचारत नाही. बहुतेकांना सुचत नाही. वाचल्यावर ‘अरेच्चा!’ झालं की ‘बरं मग?’ झालं, ते सांगा. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, अल्गोरिदम आणि गणनाचा सिद्धांत हे तीन विषय अशाच युक्तिवादांचे बनलेले आहेत. ‘बरं मग?’ होत असेल तर कॉम्प्युटर सायन्सपेक्षा इन्फर्मेशन सिस्टीम्स किंवा एखादा डिझाइनचा अभ्यासक्रम बघा, तिथे प्रोग्रॅमिंग आहे आणि हे कमी आहे. शाळेत गणितात गुण कमी पडले पण कोड्याने झोप उडवली, अशी माणसंही मला माहीत आहेत. त्यांनी गुणपत्रिकेला घाबरून मागे फिरू नये, फक्त पहिल्या वर्षी जास्त घाम गाळायची तयारी ठेवावी.

चौथी पायरी: पदवीच हवी, की नुसतं काम शिकायचंय?

हे दोन प्रश्न लोक एकात मिसळतात. वेबसाइट किंवा मोबाइल ॲप बनवायचं असेल, तर पदवीशिवाय शिकता येतं. हजारो लोक शिकले आहेत, आणि त्यांतले काही माझ्याहून चांगला कोड लिहितात. मग पदवी कशाला?

एक कारण म्हणजे तिच्यातला माल सावकाश जुना होतो. वेबसाइटवर ॲनिमेशन आणि गेम चालवणाऱ्या फ्लॅशमध्ये आयुष्य घातलेल्या लोकांचं कौशल्य २०२० च्या अखेरीस अधिकृतपणे निकालात निघालं. २०१० साली आलेल्या, वेबसाइट बनवायच्या अँग्युलरजेएस या साधनाचा पाठिंबा २०२२ पासून बंद. याउलट एखादा प्रश्न यंत्राला मुळात सोडवता येईल का, हा गणितज्ञ अॅलन ट्युरिंगचा विचार १९३६ चा. सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची, डायक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाची पद्धत १९५९ साली छापून आली. कॉड या संशोधकाने डेटाबेसची तक्त्यांची कल्पना १९७० साली मांडली. हे आजही शिकवतात, आणि इतिहास म्हणून नव्हे, रोज लागतं म्हणून. एकट्याने शिकणारा माणूस नेमकं हेच गाळतो, कारण त्याची गरज पहिल्या दिवशी दिसत नाही, पाचव्या वर्षी दिसते.

दुसरं कारण रुक्ष आहे. संशोधन, अध्यापन, काही सरकारी पदं, बऱ्याच देशांचे कामाचे व्हिसा आणि काही मोठ्या कंपन्यांची पहिली चाळणी, इथे पदवीचा कागद मागतात. तुमचा रस्ता यांतल्या एखाद्या दारातून जाणार असेल तर वाद घालण्यात वेळ दवडू नका, पदवी घ्या.

आणि तिसरा रस्ता लोक विसरतात: पदवी दुसऱ्या विषयाची, प्रोग्रॅमिंग जोडीला. जीवशास्त्र, भाषाशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र, या सगळ्यांत आता कोड लिहिणारा माणूस हवा असतो, आणि तो विषय जाणणारा हवा असतो. कॉम्प्युटर साधन म्हणून आवडतो की तोच अभ्यासाचा विषय म्हणून आवडतो, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारलात तरी अर्धं धुकं निवळेल.

एआयचं काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. चार वर्षांनंतरचा नोकऱ्यांचा बाजार छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा, तो घाबरवत असो की भुलवत. मला रोज दिसतं ते एवढंच: साधन कोड भराभर लिहितं, आणि चुकलेला कोडही तितक्याच आत्मविश्वासाने लिहितं. भाचीचा प्रोग्रॅम त्याने दहा सेकंदांत दिला असता. पण एकाच मिनिटातले दोन व्हिडिओ आणि तारीख नसलेली फाइल, हे प्रश्न विचारायला ते आधी कुणाच्या तरी डोक्यात यायला हवेत. ज्याला फक्त कोड टाइप करायला शिकायचंय त्याने पदवीची वर्षं घालवू नयेत, असं मी आता उघड म्हणतो. दहा वर्षांपूर्वी म्हणत नव्हतो.

पाचवी पायरी: तीन माणसांना गाठा

एक दुसऱ्या वर्षात शिकणारा. शेवटच्या वर्षातला नको, तो नोकरीच्या धांदलीत असतो. एक पदवी घेऊन पाच-सहा वर्षं झालेला. आणि एक, ज्याने ही पदवी अर्धवट सोडली किंवा घेऊन दुसरीकडे वळला. तिसरा माणूस शोधायला त्रास पडतो, पण सगळ्यात कामाचं तोच बोलतो.

‘स्कोप आहे का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं आणि प्रत्येक जण देतो. विचारायचं ते असं: मागच्या आठवड्यात किती तास नवा कोड लिहिला आणि किती तास दुसऱ्याचा वाचला? पहिल्या वर्षी कुठल्या विषयाने रडवलं? आज पुन्हा निवडायचं झालं तर काय बदलाल? दुसऱ्याचा कोड वाचण्याचे तास ऐकून दचकायला होईल.

याच सुमारास नातेवाईक सल्ले देऊ लागतात. ‘मुलींना जमत नाही’ हे भाचीलाही ऐकवून झालं. १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचे पहिले प्रोग्रॅमर सहा जण होते, आणि त्या सहाही स्त्रिया होत्या. एवढं सांगून विषय संपवावा. ‘लहानपणापासून कोडिंग करत नसशील तर उशीर झाला’ हेही तसंच. पहिल्या सेमिस्टरला आधी शिकून आलेली मुलं पुढे दिसतात, आणि तेव्हा फार धीर खचतो. साधारण वर्षभरात ते अंतर बरंच मिटतं, फक्त तेवढा काळ त्यांच्याशी तुलना न करता काढावा लागतो.

सहावी पायरी: कॉलेज आणि खर्च

कॉलेज बघायला गेलात तर इमारत बघू नका, लॅबचं वेळापत्रक बघा. लॅब तासांव्यतिरिक्त किती वाजेपर्यंत उघडी असते? प्रोग्रॅमिंगची परीक्षा कागदावर घेतात की मशीनवर? पहिल्या वर्षाला अनुभवी प्राध्यापक शिकवतात की नुकतेच लागलेले? शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बघायला मागा. सगळ्यांचे एकसारखेच निघाले, तर ते कुठून तरी उचललेले आहेत असं खुशाल समजा.

खर्चात फक्त फी मोजू नका. तितकी वर्षं न कमावण्याचा खर्चही त्यात धरा. कर्ज काढून घेणार असाल तर हप्ता पहिल्या, अगदी सामान्य पगारातून भागेल का, हे बघा. जाहिरातीतल्या मोठ्या पॅकेजवरून हिशोब मांडू नका. मशीन महागडं लागत नाही, शिकण्यापुरता साधा लॅपटॉप चालतो.

शेवटची पायरी: तारीख टाका

सहावा आठवडा संपेल त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख आजच वहीच्या मागच्या पानावर लिहा. त्या दिवशी वही पहिल्या पानापासून वाचा. शेवटच्या आठवड्यातही नोंदी आहेत का? ‘सुटल्यावर कसं वाटलं’ या रकान्यात ‘सुटलो एकदाचा’ जास्त वेळा आहे की ‘आता हे पण करून बघू’ जास्त वेळा? न सांगता किती दिवस तासाचे दोन तास झाले? निर्णय त्याच दिवशी घ्या. पुढे ढकललात तर तो बहुधा तुमच्या वतीने दुसरंच कुणीतरी घेईल.

आणि ‘हो’ ठरलं तरी प्रवेश घेतानाच ऑफिसात दोन गोष्टी विचारून ठेवा: शाखा बदलायची असल्यास शेवटची तारीख कोणती, आणि पहिल्या वर्षाचे कुठले विषय दुसऱ्या शाखेत धरले जातात. भाचीने विचारलं तेव्हा खिडकीवरचा माणूस म्हणाला, “अहो, आधी ॲडमिशन तर घ्या!” तिने तारीख लिहून घेतल्याशिवाय फॉर्म दिला नाही.